सदतीस नंबरची हजेरी

कान तपासणाऱ्या बाईंना भीती होती ती स्वतःच्या गळ्याची.

दिवसभर त्या दुसऱ्यांच्या कानांशी बोलत. काचेच्या अलीकडे यंत्र आणि माइक, पलीकडे जाड दाराची आवाजबंद खोली. तिच्यात जेमतेम एक खुर्ची, आणि खुर्चीवर हेडफोन लावलेलं माणूस. बाई माइकमध्ये शब्द म्हणत: पाणी, खिडकी, चमचा, रस्ता. पलीकडचं माणूस जे ऐकू आलं ते परत म्हणे. तीस वर्षं तेच शब्द आणि तोच सूर, इस्त्री केलेल्या चादरीसारखा सपाट. दवाखान्यात सगळे म्हणत, "बाईंचा आवाज म्हणजे मोजपट्टी." बाई हसत. हा गळा त्यांनी इतकी वर्षं असा दाबून का धरलाय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरच्यांना थोडं जाणवलं होतं. मुलगी लहान असताना एकदा हटून बसली, गोष्टीतल्या कोल्ह्याचा आवाज काढ म्हणून. बाईंनी कोल्हा, सिंह आणि ससा तिघांनाही एकाच सुरात बोलायला लावलं. पोरगी वैतागून म्हणाली, "आई, तुझे सगळे प्राणी ऑफिसात जातात का गं?" आणि एकदा फणफणून ताप चढला होता, तेव्हा नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं, "काल झोपेत कोण बोलत होतं? तू नव्हतीस ती. कुणी पोर होती. अप्पा, अप्पा करत होती."

बाईंनी अंगावरची चादर कानापर्यंत ओढली होती.

त्या सोमवारी अकराच्या सुमाराला एक सून आपल्या सासऱ्यांना घेऊन आली. बोलघेवडी, हसरी. "बघा हो जरा ह्यांचे कान. टीव्ही असा लावतात, की शेजारचे बातम्या आमच्याकडूनच ऐकतात. मी जेवायला हाक मारली की ऐकू येत नाही आणि मी फोनवर माहेरी काही बोलले की नेमकं ऐकू येतं."

"काय म्हणतेय?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"तुमचं कौतुक करतेय!" सून ओरडली.

बाईंनी हसत फॉर्म हातात घेतला. वय चौऱ्याऐंशी. काम: पत्र्याच्या पेट्या बनवणे, पन्नास वर्षं. आणि वर आडनाव. ते वाचलं, आणि हातातला कागद एकदम ओल्या घोंगडीएवढा जड झाला. मान वर करून पाहिलं तर तीच लांब हनुवटी, तेच एका बाजूला जरा वर चढलेलं ओठाचं टोक. जुन्या मैत्रिणीचं तोंड तिच्या म्हाताऱ्या बापाच्या चेहऱ्यावर वाट बघत बसलेलं होतं.

"साळुंकी ना तू?" म्हातारे म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. ते नाव दवाखानाभर गेलं. "पाटीवर नाव वाचलं तेव्हाच म्हटलं, इथंच जायचं."

पस्तीस वर्षांत त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

तेव्हा ती बाई नव्हती. एकोणीस वर्षांची पोर होती, कॉलेजच्या वसतिगृहात राहायची, आणि कुणाचाही आवाज हुबेहूब काढायची. प्राचार्यांचा खोकला, शिपायाचं गुणगुणणं, गळक्या नळाची टिपटिप. म्हणून नाव पडलं साळुंकी. तिच्या खोलीतली दुसरी मुलगी काडी, कारण अंगात हाडं सोडून काही नव्हतं. काडीचा आवाज जरा खरखरीत, पण वाक्याच्या शेवटी पतंगाच्या शेपटीसारखा वर उडणारा. तो काढायला साळुंकीला कष्ट पडत नसत. एका खोलीत दोन वर्षं झोपलेल्या मुली. एकीचा श्वास दुसरीच्या उशीवर.

काडीला सकाळची झोप जिवापलीकडे प्यारी. आणि नियम असा, की पहिल्या तासाला वसतिगृहातली जी मुलगी गैरहजर, तिचं नाव दहाच्या आत रेक्टरबाईंकडे जायचं. मग रेक्टरबाई किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत खोलीवर यायच्या. खरंच आजारी असली तर डॉक्टर, आणि लोळत पडलेली असली तर घरी पत्र. काडीची दोन पत्रं आधीच गेली होती. म्हणून ती पांघरुणातूनच गाणं रचायची:

साळुंके गं बाई, तुझ्या चोचीत माझं नाव,
तुला वर्ग, मला पुरे माझ्या उशीतला गाव.

आणि साळुंकी मागच्या बाकावरून तोंडावर हात धरून काडीच्या सदतीस नंबरला हजर म्हणायची. आजूबाजूच्या मुली खुदखुदायच्या. सर मानही वर करायचे नाहीत.

त्या दिवशी काडी गाणं म्हणाली नाही. पहाटेपासून पोट धरून कुशीवर पडली होती. "कालच्या भाजीनं दगा दिला. रेक्टरबाई आल्या, तर त्यांना सोंगच वाटेल, तिसरं पत्र जाईल, अप्पा काम टाकून धावत येतील. तू नुसतं हजर म्हण. दुपारपर्यंत होते मी टुणटुणीत."

"जेवणाच्या सुट्टीत येते बघायला," साळुंकी म्हणाली.

पहिल्या तासाला सरांनी पुकारलं, "सदतीस." "हजर, सर." इतकं तंतोतंत, की तिला स्वतःलाच वाटलं काडी मागं येऊन बसली. तिनं वळूनही पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत मात्र ती गेली नाही. रेडिओ केंद्रावरून दोघं जण आवाज पारखायला कॉलेजात आले होते आणि तिचा नंबर नेमका तेव्हाच लागला. तिनं एक आवाज काढला, त्यांनी दुसरा मागितला. ते खूश होऊन आणखी, आणखी म्हणत गेले, आणि तिचाही पाय निघेना. अकरा आवाज काढले. टाळ्या पडल्या. खोलीवर आली तेव्हा साडेपाच वाजले होते. काडी जमिनीवर होती, दारापासून दोन हातांवर, तोंड दाराकडे.

अपेंडिक्स फुटलं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. "सकाळी आणलं असतं तर," असं डॉक्टर रेक्टरबाईंना म्हणाले, ते साळुंकीनं खांबाआडून ऐकलं. काडीच्या अप्पांना आणि आईला, काकूंना, कॉलेजनं सांगितलं, सकाळी तर वर्गात होती हो, हजेरीत आहे. दुखणं अचानक दुपारी उठलं. साळुंकी शेजारीच उभी होती. तोंड उघडलं, पण गळ्यातून काही निघालं नाही.

तीन आठवड्यांनी रेडिओचं पत्र आलं, निवड झाली म्हणून. अमुक तारखेला हजर राहावे, असं त्यात लिहिलं होतं. ती राहिली नाही. पुढं कधी कुणाचा आवाज काढला नाही. कानांचं शिकली.

आता तोच बाप काचेपलीकडच्या खुर्चीत बसला होता.

बाईंनी उजव्या कानापासून सुरुवात केली. पाणी. "पाणी." खिडकी. "खिडकी." चमचा. "काय?" बारीक, टोकदार अक्षरं त्यांच्या कानातून गळून चालली होती, जुन्या पेटीवरच्या रंगाच्या ढलप्यांसारखी. बाई आवाजाची चकती पुढं पुढं फिरवत होत्या. साठ. सत्तर. सासू.

"नाही ऐकू आलं," अप्पा म्हणाले. शब्द सांगितल्यावर हसले. "सासू ऐकू येत नाही? सोयच झाली की."

बाईंना हसू येऊन गेलं, आणि तेवढ्यात ते काचेतून सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाले, "साळुंके, एक मागू? डॉक्टर म्हणाले, वर्षभरात उरलंसुरलंही जाईल. तू आमच्या पोरीचा आवाज काढायचीस. सुट्टीला घरी आली की सांगायची, अप्पा, ती माझ्यासारखी माझ्याहून बरी बोलते. एकदा ऐकव. काहीही म्हण. तुझी काकू गेल्यापासून तिचा आवाज आठवणारं घरात मी एकटाच उरलोय, तिचा भाऊ तेव्हा अगदी लहान होता. आणि मलाही नीट आठवेना झालाय."

"नाही जमायचं, अप्पा. खूप वर्षं झाली."

"काय?"

"खूप वर्षं झाली!"

"मग जुनाच काढ. मला नवा कुठं हवाय?"

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. वाटलं, येणारच नाही. गंजला असेल, मेला असेल. त्यांनी डोळे मिटले, गळा जरासा सैल सोडला, एवढंच. आणि तो आला. बोलावण्याची वाट बघत उंबऱ्यातच बसल्यासारखा आला. खरखरीत, शेवटी वर उडणारा, एकोणीस वर्षांचा:

"अप्पा, पुरे की आता! किती ठोकायचं ते! कान किटले माझे."

म्हाताऱ्यांचे खांदे उडाले. दोन्ही हात हेडफोनवर गेले, पाखरू दाबून धरावं तसे. "अगं बाई," ते म्हणाले. "अगं माझे बाई." मग खुर्चीत पुढं सरकले. काचेकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते हेडफोनमधल्या पोरीशी बोलत होते. "बरी आहेस ना? आई आली का गं तुझ्याकडं?"

बाईंना यंत्र बंद करावंसं वाटलं, हात उचलेना.

"आम्ही दोघं काय म्हणायचो माहितीये? निदान सकाळी तरी वर्गात बसली होती. हसली असेल, मैत्रिणीशी बोलली असेल. सकाळी बरी होतीस ना गं? वर्गात होतीस तेव्हा दुखत नव्हतं ना?"

हो, अप्पा. दोन शब्द. ते बाईंच्या जिभेवर त्याच आवाजात तयार उभे होते. म्हातारा सुखानं घरी गेला असता. कुणाचं काय जात होतं? त्या दिवशीही दोनच शब्द होते, आणि त्या दिवशीही कुणाचं काही जाणार नव्हतं.

"अप्पा," बाई स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "ती वर्गात नव्हती."

इतक्या हळू, की यंत्रातली सुईसुद्धा हलली नाही.

"काय म्हणालीस?"

"वर्गात नव्हती ती."

"मोठ्यानं, बाळा."

पस्तीस वर्षं जे कुणाच्या कानात कुजबुजता आलं नव्हतं, ते आता चकती नव्वदवर नेऊन ओरडून सांगायचं होतं. बाहेर सून होती, काउंटर होता, बाकावर माणसं होती. बाई ओरडल्या, "ती वर्गात नव्हती! खोलीवर होती! तिचं पहाटेपासून दुखत होतं!"

बाहेरचं बोलणं थांबलं.

अप्पांनी हे ऐकलं. ऐकलं ते चेहऱ्यावरून कळलं. पत्र्यावर घाव बसला की आधी खड्डा दिसतो, मग आवाज येतो, तसं. ते म्हणाले, "हजेरी होती ना तिची."

"मी दिली."

"तिच्या आवाजात?"

"हो."

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. आता काचेअलीकडून काही पोचणार नव्हतं. बाई उठल्या, जाड दार ओढून आत गेल्या. दुसरी खुर्ची मावेल एवढी जागा नव्हती. त्या जमिनीवरच उकिडव्या बसल्या. त्या खोलीत बाहेरचं काही येत नाही. स्वतःच्या छातीतलं तेवढं ऐकू येतं.

"आम्ही दुपारी दोनपासून धरायचो," अप्पा म्हणाले, बाईंकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं. "दोन ते साडेपाच. साडेतीन तास. तुझी काकू म्हणायची, साडेतीन तास पोरीनं एकटीनं काढले. तेवढंच सोसवत नव्हतं आम्हाला. आता पहाटेपासून धरायचं." बोटांवर काहीतरी मोजायला लागले आणि मध्येच हात मिटून घेतला. "बरं झालं तुझी काकू आधी गेली."

बाईंना क्षमा मागायची होती. शब्द तोंडाशी आलाही, पण तो फार लहान वाटला, म्हणून त्यांनी तो गिळला.

"फार दुखलं असेल का गं तिला?"

ह्यावेळी त्यांनी मान वळवून विचारलं, बाईंच्या ओठांकडे बघत. बाईंनी एकेक शब्द सुटा करून सांगितला.

"मला माहीत नाही, अप्पा. मी तिथं नव्हते. सुट्टीत येते म्हणाले होते. आले नाही."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. समजलं अशी की नको अशी, ते कळलं नाही. "तुला ऊठ म्हणू की बस म्हणू, तेच मला सुचत नाहीये," ते म्हणाले.

बाई बसून राहिल्या. पाय बधिर झाले तरी उठल्या नाहीत.

मग सुनेनं दार ढकलून आत डोकं घातलं. तिचं हसू पुसलं गेलं होतं. बाहेर सगळं ऐकू गेलं होतं. आधी तिनं बाईंकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे, आणि हळूच खुणेनं विचारलं, जायचं का घरी?

अप्पांनी तिच्या हाताकडे पाहिलं. "डावा कान राहिलाय," ते म्हणाले.

बाई भिंतीला धरून उठल्या. हेडफोन चढवून द्यायला त्यांनी हात पुढं केला, तर अप्पांनी तो आपल्याकडे ओढून घेतला आणि स्वतःच डोक्यावर बसवला. उजव्या कानाची लाल बाजू डाव्या कानावर आली.

"उलटा झालाय, अप्पा."

त्यांनी तो काढला, फिरवला आणि पुन्हा लावला. बाईंकडे बघितलं नाही.