बैठकीतलं बैठकीत

ग्रेडनच्या मिशीला क्रीम लागलं होतं आणि तो हसत होता. त्याचं ते तोंड आठवलं की आजही मला किळस येते.

आमची बैठक दर मंगळवारी दुपारी चार वाजता भरायची, स्क्रीनवर. आम्ही सगळे प्रोग्रामर. देशाच्या वेगवेगळ्या टोकांना राहणारे, कुणी इन्व्हरकार्गिलला, कुणी नेपियरला, मी वाँगानुईला. घरून काम करायचे, त्यामुळे दिवस दिवस माणसाशी बोलणं नाही. आमच्यातल्याच ग्रेडननं ही बैठक सुरू केली तेव्हा मला ते उपकारच वाटले. काय चुकलं, काय जमत नाही, साहेब कसा घालूनपाडून बोलला, सगळं तिथं बोलून टाकायचं. नियम एकच: बैठकीतलं बैठकीतच राहील. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी टिपणं काढायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. मला ते छान जमायचं. अगदी बोलणाऱ्याच्या शब्दांत उतरवायचे.

ऑगस्टमध्ये लोसा बोलली. लोसा पोरिरुआची, मूळची सामोआ बेटांवरची, तिशीतली. वर्षभर नुसती ऐकत बसायची. दवाखान्यातर्फे रक्ततपासणीची आठवण करून देणारी पत्रं आपोआप धाडणारा प्रोग्राम तिनं लिहिला होता. वारलेल्यांची नावं गाळणारी एक ओळ तिच्या हातून सुटली आणि तशा कितीतरी घरांत पत्रं जाऊन पडली, 'तुमची तपासणी राहिली आहे, लवकर या.' गेलेल्या नवऱ्याच्या नावानं पत्र आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंचा फोन लोसानंच उचलला.

"त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं," लोसा म्हणाली. "त्यांनी हळूच विचारलं, 'म्हणजे माझा आल्बी आहे का? दवाखान्याचाच काही घोटाळा झाला होता का?' मी काय सांगणार? म्हटलं, नाही हो, ते गेलेत. दुसऱ्यांदा मारलं मी त्यांना. तेव्हापासून कोड उघडला की एकेक ओळ दहादा तपासते, तरी पुढं पाठवायला धजत नाही."

ग्रेडननं चष्मा काढून डोळे पुसले. "लोसा, तू एकटी नाहीस. आम्ही आहोत ना."

मी ते सगळं लिहून काढलं.

नोव्हेंबरमध्ये वेलिंग्टनला प्रोग्रामरांचं मोठं संमेलन होतं. ग्रेडनचं भाषण म्हणून मी मुद्दाम गाडी काढून गेले. सभागृह भरलेलं. ग्रेडन रंगात आला होता. म्हणाला, "आता एका बाईंची गंमत सांगतो. यांनी थेट स्वर्गात पत्रं पाठवली!" लोक हसले. मीही हसले. मग त्यानं म्हातारीचा आवाज काढला, थरथरता, "आहे का हो माझा आल्बी?" आणि मग लोसाचा. तिचे सामोअन हेल, तिचे हुंदके, मध्येच नाक ओढणं. पुढच्या रांगेतला एक जण हसून हसून मांडीवर थापा मारत होता. माझं हसू तोंडातच विटलं. वाक्यं ओळखीची होती. मीच लिहिलेली, काना-मात्रेसकट.

चहाच्या वेळी मी त्याला गाठलं. त्याच्या हातात क्रीमचा केक होता.

"ग्रेडन, ते लोसाचं होतं."

"मी नाव घेतलं का?" त्यानं केकचा लचका तोडला. "आणि थिया, तुझी टिपणं म्हणजे सोनं आहे गं. त्यांच्याशिवाय हे जमलंच नसतं."

त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. बोटं चिकट होती. मी स्वच्छतागृहात जाऊन खांदा साबणानं घासला.

पुढच्या मंगळवारी मी बैठकीत सगळं सांगितलं. वाटलं होतं, लोक पेटून उठतील. कसलं काय! नेपियरचा डेसमंड म्हणाला, "अगं, विनोदानं मन हलकं होतं. इतकं काय लावून घ्यायचं?" दुसरी म्हणाली, "ग्रेडननं आपल्यासाठी किती केलंय, ते विसरू नकोस." ग्रेडन मान खाली घालून बसला होता, दुखावल्यासारखा. जणू त्याचाच छळ चालला होता.

लोसा म्हणाली, "माझं जाऊ दे. संमेलनाची सगळी भाषणं इंटरनेटवर असतात. त्या बाईंनी हे पाहिलं तर?"

"त्या कशाला बघतील?" ग्रेडन म्हणाला.

स्क्रीनवरचा लोसाचा चौकोन विझला.

शनिवारी मी पोरिरुआला लोसाच्या घरी गेले. दार तिच्या आईनं उघडलं. लोसा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी काहीही न लपवता सांगितलं, की ते शब्द ग्रेडनच्या हाती माझ्यामुळे गेले.

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "टिपणं मीही वाचायचे. कुणी आपलं इतकं नीट ऐकतंय, म्हणून बरं वाटायचं." तिनं एक चादर झटकली. "एक सांग. तिथं तू हसलीस का?"

नाही म्हणता आलं असतं. तिला कुठून कळणार होतं?

"हो. आधी कळलं नाही की तुझंच आहे."

"म्हणजे दुसऱ्या कुणाचं असतं तर चाललं असतं."

ती रिकामी टोपली घेऊन आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. तिची आई मात्र ताट घेऊन आली, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आणि भाजलेला कंद. "खा गं बाळा, लांबून आलीस."

"नको, आँटी."

"नको काय? माझ्या घरून कुणी उपाशी जात नाही."

मी खाल्लं. त्या माउलीला काही ठाऊक नव्हतं, आणि ती मायेनं वाढतच होती. मला स्वतःच्या तोंडाची, चावणाऱ्या दातांची शिसारी आली.

लोसानं संमेलनाच्या आयोजकांना पत्र लिहिलं, तेव्हा ते भाषण त्यांनी काढून टाकलं. आता ती एका शाळेच्या कचेरीत काम करते, कोड लिहीत नाही. माझ्या निरोपांना उत्तर देत नाही. ग्रेडनची बैठक अजून भरते. माणसं पूर्वीपेक्षा जास्त आहेत म्हणे. टिपणं आता डेसमंड काढतो.