मधल्या दाराची केबिन

आमच्या ह्यांचा आवाज मी आधी ऐकला, माणूस नंतर पाहिला. माझं माहेर भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत होतं आणि हे बाजारात लिलाव पुकारायचे. सकाळी आई माझी वेणी घालत असायची आणि भिंतीपलीकडून कांद्याचा भाव चढत जायचा. आई वैतागून म्हणायची, "मेल्याच्या घशात पत्र्याचा डबा बसवलाय की काय!" पुढे तोच माणूस जावई झाला, तेव्हा आईने ते वाक्य गिळून टाकलं. बाजारात मात्र सगळे त्यांना शेवटपर्यंत भोंगाच म्हणत.

घरी आले की हे दिवसभरात भेटलेल्या माणसांच्या नकला करायचे. नाकात बोलणारा व्यापारी, तोतरा हमाल, भाव ऐकून रडकुंडीला येणारी खानावळवाली. मी पोळ्या लाटता लाटता हसून बेजार व्हायची. नक्कल कधी केली नाही ती एकाच माणसाची, स्वतःच्या वडिलांची. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं होतं. मी विचारलं की हे म्हणायचे, "सांगेन कधीतरी."

तो कधीतरी आला तो असा. ह्यांचा घसा बसला आणि उघडेचना. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. तोवर थोडं थोडं, हळू बोला, घशाला ताण देऊ नका, आवाज चढवू नका. तेव्हा ह्यांच्याजवळ उरली होती ती नुसती कुजबूज, तीही सकाळी उठल्यापासून चहा-नाश्त्यापर्यंत. दुपारी तीही विरायची.

जहाजाची सहल लेकीने आधीच ठरवली होती. तिच्या घरच्यांसाठी एक केबिन, आमच्यासाठी शेजारची, मध्ये दार. "आई, दार उघडंच ठेवू. बाबांना काही लागलं तर मी आहे." निघायच्या आदल्या दिवशी नातीला कांजिण्या आल्या. मी म्हटलं, आपणही नको जायला. हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जाऊ या गं. तिथे भेटीला येणारं कुणी नाही. मला तुझ्याशी बोलायचंय. बाबांचंही सांगायचंय."

म्हणून गेलो.

केबिन छान होती. दोन पलंग, एक गोल खिडकी, उशांवर टॉवेलचं बदक. आणि भिंतीत ते पांढरं दार, आमच्या बाजूने कडी लावलेलं. पलीकडे लेकीच्या जागी कुणीतरी दुसरेच आले होते. कोण ते सामान लावता लावताच कळलं. टीव्ही, दोन-तीन पोरांच्या पलंगावरून उड्या, एका पुरुषाचं गडगडाटी हसू, एका म्हातारीचं "अरे पाडाल रे तो दिवा!" सगळं असं स्वच्छ ऐकू येत होतं, जणू आम्हीच त्यांच्या पलंगावर बसलो होतो.

त्यात माझं कानाचं यंत्र. ज्यांना ते लागत नाही त्यांना वाटतं, यंत्र घातलं की ऐकू येतं. ऐकू येतं, पण सगळंच येतं. ह्यांची कुजबूज यावी म्हणून यंत्र वाढवलं, तर पलीकडची उडी माझ्या डोक्यात पडे. कमी केलं तर ह्यांचे नुसते ओठ हलताना दिसत.

पहिल्या सकाळी हे उशीला टेकून बसले. मी खुर्ची अगदी जवळ ओढली. हे सांगू लागले, "मी घर सोडून बाजारात कामाला निघालो ना, त्या दिवशी बाबांनी मला दारातच अडवलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तर ते..."

धडाम. पलीकडे काहीतरी पडलं आणि हशा उसळला.

"तर ते काय?" मी विचारलं.

ह्यांनी पुन्हा सांगितलं. मला ऐकू आलं नाही.

"पुन्हा सांगा. दारात काय म्हणाले?"

ह्यांनी मान पुढे काढून जोर लावला. गळ्याच्या शिरा तटतटल्या. मी घाबरून त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "राहू द्या. उद्या सांगा."

केबिन आवरायला येणारा माणूस मोठा अदबशीर होता. त्याला आवाजाचं सांगितलं, तर त्याने मला कानात घालायचे केशरी बोळे आणून दिले. आता काय बोलायचं! मला ऐकायचं होतं आणि हा बाबा माझे कान बंद करायला निघाला होता. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून सांगितलं, जहाज भरलंय, एकही केबिन रिकामी नाही, पण तुमची तक्रार नोंदवली आहे. पलीकडच्यांना कळवाल का, विचारलं तर म्हणाली, "नक्की, आजी." कुणी कळवलं नाही.

वर डेकवर गेलो तर वारा. वारा यंत्रात शिरला की कुणी कानाशी कागद फाडत बसल्यासारखं होतं. शेवटी वाचनाची खोली सापडली. तिथे गालिचा, जड पडदे, पेंगणारे चारपाच लोक. हे खूश झाले. माझ्याकडे झुकून बोलायला लागले, आणि मी सवयीने म्हटलं, "काय?" अख्खी खोली दचकली. चष्मेवाल्या एका बाईंनी भिंतीवरच्या शांततेच्या पाटीकडे बोट केलं. हे इतके हसले, इतके हसले, की त्यांना ठसका लागला आणि आम्हाला बाहेर यावं लागलं. मला हसू येत होतं आणि रडूही.

"मी जाऊन बोलते त्या लोकांशी," मी म्हटलं.

ह्यांनी माझा हात धरला. "भोंग्याने आवाजाची तक्रार करायची? अख्ख्या गल्लीची झोप मोडली मी. तुझी आई काय म्हणायची ते मला ठाऊक आहे हं." आणि डोळे मिचकावले. "दम धर. गप्प होतील."

पण गप्प कोण होणार? रोज सकाळी तेच. बाबांनी दारात अडवलं, इथपर्यंत गोष्ट यायची आणि पलीकडे कुणीतरी किंचाळायचं. मी "पुन्हा सांगा" म्हणायची. हे पुन्हा सांगायचे, आधीपेक्षा जोर लावून. माझ्याकडे एकच वाट होती, न विचारण्याची. ती मला जमत नव्हती. न विचारावं तर गोष्ट जाते, विचारावं तर घसा जातो. यंत्राचं बटण फिरवत मी नुसती बसून राहायची.

एका सकाळी चहा यायच्या आत ह्यांचा पुन्हा डोळा लागला, तशी मी उठले आणि पलीकडची घंटा दाबली. भांडायच्या तयारीनेच गेले होते. पदर खोचलेला होता.

दार त्या म्हातारीच्या सुनेने उघडलं. तरुण, गोड चेहऱ्याची, खांद्यावर ओला पोहण्याचा पोशाख. माझा आवाज ओळखून तिला एवढा आनंद झाला की माझी पहिली दोन वाक्यं वायाच गेली.

"अहो काकू, या ना! सासूबाई, बघा कोण आलंय! शेजारच्या काकू!"

आतून म्हातारी काठी टेकत आली. माझा हात धरून म्हणाली, "बरी आहेस ना गं बाई? आम्हाला तुझीच काळजी."

"माझी? कशाची?"

सून जरा ओशाळली. "राग मानू नका हं. तुम्ही एकट्याच आहात ना. सारख्या कुणाशी तरी बोलत असता. 'मग काय म्हणाले', 'पुन्हा सांगा', असं चालतं, आणि दुसऱ्या कुणाचा तर आवाजच नाही. आम्हाला फार वाईट वाटायचं."

"मीच म्हटलं घरच्यांना," म्हातारी म्हणाली, "मधलं आपल्याकडचं दार उघडं टाका. बाई पडली-झडली तर ऐकू तरी येईल. आणि पोरांना दटावू नका, होऊ दे आवाज. एकट्या जिवाला तेवढीच सोबत."

तेव्हा मला दिसलं. ते दार एक नव्हतं, दोन होती, पाठीला पाठ लावलेली. त्यांच्या बाजूचं सताड उघडं होतं, खाली चप्पल अडकवून. आमच्यामध्ये राहिलं होतं ते एकच पातळ दार.

मी पदर सोडला. ज्यांच्याशी भांडायचं, ते माझ्यासाठीच जीव टाकत होते. शिव्या द्यायच्या कुणाला?

"मी एकटी नाही," मी म्हटलं. "माझे मिस्टर आहेत आत. त्यांचा आवाज बसलाय. थोडाच राहिलाय. तो मला ऐकायचाय."

सुनेने तोंडावर हात नेला. म्हातारीने काठीनेच चप्पल बाजूला सारली, दार लोटलं आणि कडी लावली. मग पोरांकडे वळून असं काही बघितलं, की पोरं जागच्या जागी बसली.

मी परत आले. आमची केबिन एवढी शांत झाली होती की जहाजाच्या पोटातली घरघर पायाला लागत होती. हे जागे झाले होते. मी धावतच त्यांच्याजवळ गेले. "अहो, बंद झालं! त्यांनी दार लावलं. आता सांगा, हळूच सांगा, मी काहीच विचारणार नाही."

ह्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. मी यंत्र पूर्ण वाढवलं. श्वास आला, घशात काहीतरी खरखरलं, त्याखेरीज काही नाही. त्यांनी गळ्याला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं, विचारल्यासारखं.

जहाजावरच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला. "फार सूज आहे. ताण दिलाय यांनी. आता ऑपरेशन होईपर्यंत एक अक्षरही बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. श्वासाला अडचण येईल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना इतकं कशाला बोलायला लावलंत?"

मी यंत्राचं बटण कमी केलं.

परतीच्या प्रवासात पलीकडून चिटपाखराचाही आवाज आला नाही. सून रोज दाराशी फळं ठेवून जायची, घंटासुद्धा न वाजवता. पोरं आमच्या दारावरून चवड्यांवर चालत जायची. ती शांतता मला सहन होत नव्हती.

एकदा मीच म्हटलं, "बाबांचं लिहून तरी द्या." हे बाजारातले, लिहिण्याचा कंटाळा जन्माचा. तरी त्यांनी पेन घेतलं. बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग लिहिलं, 'बाबा म्हणाले, सांभाळून राहा.'

मी वाचलं. पुढे काही आहे का म्हणून कागद उलटा केला. हे मान हलवू लागले, नाही, नाही, असं नव्हे. कागद माझ्या हातून काढून घेतला. मग उठून दाराशी गेले, चौकटीला एक हात लावून वाकून उभे राहिले, एक खांदा खाली, हनुवटी वर. चेहराच बदलला. तो माणूस मी फोटोबाहेर कधी पाहिला नव्हता. मुद्दाम रागावलेले डोळे, आत पाणी. त्याने बोट उगारलं, तोंड उघडलं आणि तो बिनआवाजाचा बोलायला लागला. अगदी जवळ, स्पष्ट, ओठ हलवून, मध्येच थांबून, पुन्हा बोलला.

मला एक शब्दही ऐकू आला नाही. सासरे संपले आणि हे पुन्हा हे झाले. माझ्याकडे बघत उभे राहिले.

मी हसले. टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार होते?