सांध्यावरचा हात

मी एक जुनी, घरच्या घरी जोडलेली मोटार आहे. मित्रांनो, माझ्यासारखीला हॉट रॉड म्हणतात. अंग एकीचे, इंजिन दुसरीचे, स्टिअरिंग तिसरीचे, आणि धाव त्या तिघींपेक्षा जास्त!

माझे अंग अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका ओढ्यात पडले होते. काठ खचू नये म्हणून तिथले शेतकरी मोडक्या गाड्या ओढ्यात लोटून देत. ऑरिन टेस्के आणि त्याची बायको लव्हॉन यांनी मला ट्रॅक्टरने वर ओढले. सीटखालून चिखल निघाला, सापाची कात निघाली. लव्हॉन म्हणाली, "ही बया अजून जिवंत आहे!"

मला उभी करायला त्यांना वर्षे लागली. पुढे जुन्या गाड्यांच्या मेळ्यांत लोक माझ्याभोवती गोळा होत, माझा आवाज ऐकून मान डोलावत. पण मला त्या कौतुकापेक्षा शनिवारची तपासणी आवडे. घरी जोडलेल्या गाडीचे सांधे धावता धावता ढिले होतात. लव्हॉन आत बसून स्टिअरिंगचे चाक थोडे थोडे हलवी. ऑरिन माझ्याखाली पाठीवर पडून एकेका सांध्यावर हात ठेवी. ढिलेपणा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो. मग ब्रेकचे पेडल, मग ॲक्सिलरेटरची तार.

"झोपलास की काय खाली?"

"तू चाक हलवतेस की पाळणा?"

असे त्यांचे चाले.

मग लव्हॉन आजारी पडली. त्या हिवाळ्यात एका दुपारी ऑरिन माझ्या पुढच्या चाकाचा सांधा बदलत होता. नट त्याने नुसता हाताने चढवला होता. तो पान्याने आवळायचा, त्यातून पिन घालायची आणि तिची टोके दुमडायची, म्हणजे नट फिरत नाही. इतक्यात इस्पितळातून फोन आला. तो पाना हातात घेऊनच धावला.

परत आला तो निराळाच माणूस होता. तो रडला नाही. जेवे, भांडी धुई, माझ्यावरची धूळ झटकी आणि दिवा मालवून जाई. माझ्याखाली मात्र पुन्हा आला नाही. नट तसाच राहिलाय हे मला ठाऊक होते, पण मला बोलता येत नाही. हळूहळू मलाही काही वाटेनासे झाले.

वसंतात लव्हॉनच्या थडग्यावर तिच्या नावाचा दगड बसला. तो पाहायला तिची बहीण आर्लिस बसने आली. आर्लिसला मी कधीच आवडले नव्हते. पण ऑरिनच्या पिकअपची बॅटरी उतरली होती.

"ने मग त्या डब्यातून," ती म्हणाली.

टेकडीच्या उतारावर मी डावीकडे भरकटले.

"ऑरिन! चाक इकडे नि गाडी तिकडे!"

"जुनी आहे."

"जुनी तर मीही आहे, पण मी सरळ चालते!"

तेवढ्यात समोरून धान्याचा ट्रक आला. ऑरिनने चाक वळवले, ते मी उशिरा ऐकले. ट्रक भोंगा वाजवत अगदी घासून गेला. आर्लिसने दार घट्ट धरले होते. ऑरिनच्या चेहऱ्यावर मात्र काहीच हलले नाही. मला ट्रकपेक्षा त्या चेहऱ्याची भीती वाटली.

दफनभूमीच्या फाटकाशी तिने विचारले, "तुला मरायचंय का रे?"

तो विचारात पडला. "ठाऊक नाही," म्हणाला. जणू कुणी हवापाण्याचे विचारले होते.

"मला नाही मरायचं. खाली शीर आणि बघ काय झालंय ते."

"एकट्याने होत नाही ते. चाक हलवायला कुणीतरी लागतं."

"मग मी काय खांब आहे?"

ती आत बसली. तो ठेवणीतल्या कोटासकट खडीवर आडवा झाला. तिने चाक गदागदा हलवले.

"हळू! कणीक नाही मळायची!" ऑरिन ओरडला. कित्येक महिन्यांत त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

त्याचा हात सरकत सरकत त्या सांध्यावर आला आणि थांबला. नट शेवटच्या आट्यावर होता. बोट लागताच तो त्याच्या तळहातात पडला.

"सापडलं का काही?"

"पिनच नाही," तो खालून म्हणाला. "फोन आला ना तेव्हा... मी हा असाच सोडून गेलो, आर्लिस. असाच."

मग त्याची छाती हलू लागली. आधी आवाज आला नाही, नंतर आला, आणि बराच वेळ थांबला नाही. आर्लिस खाली उतरली नाही. दोन्ही हातांनी माझे चाक घट्ट धरून, जराही हलू न देता, ती तशीच बसून राहिली.

त्या दिवशी मला दोरखंडाने ओढून घरी नेले. नवी पिन बसली, तिची टोके दुमडली गेली. आर्लिस मला अजूनही डबाच म्हणते.

मित्रांनो, सायकल काढण्याआधी तिचे ब्रेक आणि हँडल हलवून बघत जा. आणि घरातले कुणी निमूट जेवत असेल, निमूट भांडी धूत असेल, तर सगळे ठीक आहे असे लांबून ठरवू नका. जवळ जाऊन जरा हात लावून बघा.