तिसऱ्या गाठीतली सरकी

माघातल्या अमावस्येला बोरगावच्या मारुतीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. गाठओढे महाराज एका पोरीच्या पोटाला तोंड लावून ओढत होते आणि माणसं श्वास रोखून बघत होती. मग महाराजांनी ताटात काहीतरी थुंकलं. लाल, ओलं, बोराएवढं.

"निंगाली," महाराज म्हणाले. "तिसरी नि शेवटची. कोनी पाहू नका, आंधळे व्हान. नदीत सोडा."

गर्दीने हात जोडले. मी शाळामास्तर, तेवढा एक जळफळत उभा होतो.

पोट होतं माझ्या वर्गातल्या सुधाचं. वय तेरा. दसऱ्यापासून शौचातून रक्त जात होतं, पोर वाळत चालली होती. आधी एका डॉक्टरने मूळव्याध समजून गोळ्या दिल्या. दिवाळीनंतर नागपूरच्या मोठ्या डॉक्टरने तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ आहे, लगेच ऑपरेशन करा. तिचा बाप कवडू तिथून उठूनच आला.

"मास्तर, क्यान्सर म्हाताऱ्याले होते. लेकराले कुठी होते? ही करनीच हाय," तो मला म्हणाला होता. त्यात महाराजांची ताकीद, तीन अमावस्या दवाखान्याची पायरी चढायची नाही.

पहिल्या दोन गाठी कवडूने स्वतः नदीत सोडल्या, मान वळवून. आज पोरीला बसवत नव्हतं म्हणून तो तिला धरून राहिला आणि गाठ त्याच्या बहिणीने, पंचफुलाबाईने उचलली. तिचा जन्म कापूस वेचण्यात नि सरकी काढून वाती वळण्यात गेलेला. डोळे तिने इमानाने दुसरीकडे ठेवले, पण बोटांना कोण सांगणार? चालता चालता बोटांनी सवयीने सरकी वेगळी काढली. नदीपर्यंत ती गेलीच नाही.

"कवडू, हे पाह्य. कापूस हाय हा. नि ही सरकी."

"करनीतून कापूसच निंगते, माय," महाराज गोड हसले.

"मंग तोंडातलं पान थुका. चूळ भरा, नि माह्यासमोर आनखीन एक ओढा."

महाराजांच्या गालात विडा नाही असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. त्या विड्याआड कापसाचा बोळा, आणि विड्याचाच रंग म्हणजे पोरीचं रक्त.

"देवाचा इडा थुकत नसतेत," असं म्हणत ते चपला शोधू लागले. गर्दीने पंचफुलाबाईलाच दटावलं. कवडू मात्र त्या सरकीकडे बघत राहिला, मग त्याने पोरीला खांद्यावर घेतलं.

दुपारच्या बसने आम्ही नागपूर गाठलं. डॉक्टरांनी पोट उघडलं. गाठ होती तिथेच होती आणि रोग यकृतापर्यंत पोचला होता.

"तीन महिन्यांआधी आणली असती तर?" मी विचारलं.

"लढता आलं असतं," डॉक्टर म्हणाले.

वैशाखात सुधा गेली.

लेकरांना हा रोग फार क्वचित होतो. क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे. शौचातून रक्त जातंय, पोट दुखतंय, मूल वाळतंय, तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नका, नीट तपासून घ्या. तो महाराज हल्ली पांढुर्ण्याकडे फिरतो म्हणतात. भेटला तर आधी चूळ भरायला लावा. पण तो भरतो की नाही हे बघत उभे राहू नका. पोर घ्या आणि बस धरा.