हातावरचं पाणी

सोंगक्रान हा शब्द निघाला की कल्पनाचं टाळकं सरकायचं. आणि का सरकू नये? मागच्या एप्रिलात ती आणि चंद्रहास मस्कतहून बँकॉकला गेले ते लेकाचं घर बघायला. लेकाने, म्हणजे यशने, तिथल्याच प्लॉय नावाच्या मुलीशी रजिस्टर लग्न केलं होतं आणि मग आईबापांना फोन केला होता. आधी नव्हे, झाल्यावर! तो घोट गिळून, चांगली नारायणपेठ नेसून कल्पना सुनेच्या दाराशी टॅक्सीतून उतरते न उतरते, तोच फुटपाथवरच्या एका टग्याने अख्खी बादली तिच्या अंगावर ओतली. बर्फाचं पाणी, बरं का! वर दुसरा आला, तिच्या गालाला पांढरी माती फासून, हात जोडून, हसत पुढे गेला. ओळख ना पाळख. थायलंडचं नवं वर्ष म्हणे हे. आपल्याकडे धुळवडीला माणूस निदान दार लावून घरात बसू शकतो. इथे सगळं शहर ओलं, आणि चिडायची सोय नाही. चिडलात तर तुम्हीच खडूस.

चंद्रहासच्या उत्साहाला मात्र तिथे ऊत आला होता. मस्कतला अल् खुवैरच्या ऑफिसात जन्मभर टाय लावून बसलेला हा माणूस, कोपऱ्यावरून पिचकारी विकत घेऊन संध्याकाळपर्यंत पोरांत नाचत होता. बायको खोलीत ओल्या साडीच्या नावाने रडते आहे याचा त्याला पत्ताच नव्हता.

यशचं आणखी तिसरंच. पहिल्या वर्षी त्याला गंमत वाटली, दुसऱ्या वर्षी त्याचा लॅपटॉप भिजला, आणि आता ऑफिसातल्या बाकीच्या परदेशी लोकांसारखा तोही एप्रिल आला की तिकीट काढून पळायला बघायचा. "दूध आणायला खाली गेलो तरी अंघोळ होते," असं तो इंग्रजीत सांगायचा. यंदा तो पळून मस्कतलाच येणार होता. प्लॉयला घेऊन.

येण्याचं खरं कारण दुसरं होतं, आणि कल्पनाला ते पक्कं ठाऊक होतं. यशच्या कंपनीच्या मस्कतमधल्या अझैबाच्या ऑफिसात एक जागा निघाली होती. हवी तर त्याला मिळणार होती. प्लॉयला मस्कत आवडलं, घर आवडलं, माणसं आवडली, तर महिनाअखेर तो हो म्हणणार होता. कल्पनाला हे इतकं हवं होतं, इतकं हवं होतं की ती रात्रंदिवस त्याच विचारात असायची. एकुलता एक मुलगा. शाळा संपली तसा घराबाहेर गेला तो गेलाच. परत आपल्या डोळ्यांसमोर येईल, शुक्रवारी जेवायला येईल, त्याचा शर्ट कुठला मळलाय ते आपल्याला दिसेल. याहून जास्त काही नको होतं तिला. त्यापायी तिने मनाशी ठरवलं होतं की झालं गेलं गंगेला मिळालं, लग्नाचा विषय म्हणून काढायचा नाही.

दोघं आल्यावर चार दिवस तिने तो खरंच काढला नाही. प्लॉय पोर गुणाची होती, ते तर कुणीही सांगितलं असतं. सकाळी उठून सगळ्यांचे कप विसळून ठेवायची. कल्पनाला "आई" म्हणायची, अगदी "आ" लांबवून. चंद्रहासबरोबर सुरमई आणायला मासळीबाजारात गेली तेव्हा तिथल्या कोळ्याला हसवून आली. कल्पनाला ती आवडू लागली होती, आणि आवडू लागली म्हणून स्वतःचा थोडा रागही येत होता. इतकं सोपं कसं काय हिला माफ करायचं?

मग शनिवारी सकाळी यशने सांगितलं की आज घरात सोंगक्रान करायचंय.

"घरात?" कल्पनाने आधी गालिच्याकडे पाहिलं.

"छोटा, आई. एकदम छोटा. प्लॉयचा खूप मन आहे."

छोटा म्हणे! कल्पनाने पटापट गालिचा गुंडाळला, सोफ्यावर प्लास्टिक टाकलं, टीव्हीवर जुनी चादर घातली. खालच्या मजल्यावरची व्हेरोनिका जेवायला यायची होती, ती दारातच थबकली.

"कल्पनाताई, रंगकाम काढलं की काय?"

व्हेरोनिका वसईची. नवऱ्यासारखीच तीही हॉटेलात कामाला, तिथल्या पार्ट्यांची व्यवस्था तिच्याकडे. सोंगक्रानचं ऐकून तिने कपाळावर हात मारला. "देवा रे, इथंपण! आमच्या हॉटेलात स्विमिंग पूलवर हेच चाललंय. ईस्टरचा पवित्र आठवडा तोंडावर आलाय, आणि मी आपली फुग्यात पाणी भरत बसलेय. आणि गंमत बघा, आमच्या स्पामधल्या थायी पोरी एकही खाली येत नाहीत. म्हणतात, ते तुमच्या गिऱ्हाइकांचं सोंगक्रान, आमचं नाही."

जेवणं झाली. सुरमईची आमटी प्लॉयने दोनदा वाढून घेतली. मग ती आत गेली आणि हातात ताट घेऊन बाहेर आली. ताटात रुवीच्या बाजारातून आणलेल्या गजऱ्याची मोकळी केलेली फुलं, बँकॉकहून आणलेली अत्तराच्या पाण्याची बाटली आणि मधोमध कल्पनाच्या देवघरातलं पंचपात्र. पळीसकट.

"हे कुणी दिलं?"

"मी दिलं," यश म्हणाला. "सगळ्यात सुंदर भांडा हाच आहे ना, आई?"

कल्पनाच्या जिभेवर आलं होतं, पण तिने गिळलं. सोवळंओवळं ती काही फार पाळत नव्हती. जाऊ दे, पितळेचंच आहे, धुता येईल. चंद्रहास आणि ती सोफ्यावरच्या प्लास्टिकवर शेजारी शेजारी बसली. प्लॉय समोर जमिनीवर गुडघे टेकून बसली. बादली नाही, पिचकारी नाही. तिने पंचपात्रात पाणी ओतलं, त्यात फुलं सोडली आणि यशकडे पाहिलं.

यश उभा राहिला. त्याने फोन काढून एकदा बघून घेतलं, मग फोन खिशात ठेवला. पाठ केलं होतं त्याने. इंग्रजीत सांगितलं असतं तर सोपं होतं, पण आईला मराठीतून सांगायचं असं त्याने ठरवलं होतं. शाळेतल्या नाटकात उभा राहायचा तसा हात बाजूला धरून तो म्हणाला,

"आई, बाबा, आज नवीन वर्ष. म्हणून आम्ही दोघं तुमच्यावर पाणी सोडतो."

मग व्हेरोनिकाला जे हसू फुटलं! "अरे माझ्या बाबा, काय बोलतोस तू! आईबापावर पाणी सोडतोस?" ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. चंद्रहासही हसला. यशला कळेना काय झालं, पण सगळे हसतायत म्हणून तोही लाजून हसला. प्लॉय तर आधीपासूनच हसत होती.

आता इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. कल्पनाला कळलं होतं. त्याला हातावर पाणी घालायचंय, तिथल्या रीतीने थोरांच्या हातावर पाणी घालून आशीर्वाद मागायचाय, हे तिला व्हेरोनिकाच्या हसण्याआधीच कळलं होतं. ज्या बाईने पोराच्या "माझा चप्पल" आणि "मी भूक लागला"पासून त्याचं मोडकं मराठी सांभाळलं, तिला एवढं कळणार नाही होय? गैरसमज बिमज काही झाला नाही. पण ते हसू तिच्या वर्मी लागलं. शेजारीण हसते, नवरा हसतो, आणि हा खुळ्यासारखा उभा राहून जे बोलतो ते त्याने खरोखरच केलेलं आहे, हे कुणाच्याच डोक्यात येत नाही! लग्नाच्या फोनपासून छातीत अडकलेलं एकदम वर आलं. तिला थांबता आलं असतं. ती थांबली नाही.

"सोड की पाणी, सोड!" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त वाईट. "पण तू काय सोडणार? लग्न उरकून फोन केलास ना, त्याच दिवशी मीच तुझ्यावर पाणी सोडलं. मला एक मुलगा होता. आता नाही. असं धरून चालते मी."

"कल्पना!" चंद्रहास म्हणाला.

"ताई, अहो, त्याला तसं नव्हतं म्हणायचं," व्हेरोनिकाचं हसू कुठल्या कुठे पळालं. "हातावर पाणी घालायचं म्हणत होता तो."

"मला शिकवू नकोस."

यशचं मराठी कच्चं, पण 'मुलगा होता, आता नाही' एवढं समजायला किती मराठी लागतं? त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, मग तोंडावरून. कल्पनाने ते पाहिलं. बोललेलं परत घ्यावं, 'अरे रागात बोलले' म्हणावं, त्याला जवळ ओढावं, हे सगळं तिच्या मनात आलं. पण व्हेरोनिका बघत होती, चंद्रहास बघत होता, आणि कल्पनाची मान काही खाली होईना.

"आई काय म्हणाल्या?" प्लॉयने खालून इंग्रजीत विचारलं. सुनेला बिचारीला सूर कळला असणार, शब्द नव्हते कळले. घाबरून ती एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. "मी काही चुकले का?"

यशने तिच्याकडे वळून पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "तू काही चुकली नाहीस. आईने आशीर्वाद दिला. म्हणाली, सुखी राहा."

"एवढा मोठा?"

"मराठीत मोठाच असतो."

प्लॉयचे डोळे भरून आले. तिने पळीने पाणी घेतलं आणि कल्पनाच्या ओंजळीवर हळूहळू घातलं, एक थेंब बाहेर जाऊ न देता. मोगऱ्याची एक पाकळी बोटांत अडकली. मग तिने मान खाली वाकवली आणि वाट बघत राहिली. व्हेरोनिकाने मागून कोपर मारलं तेव्हा कुठे कल्पनाने ओला हात त्या केसांवर ठेवला. सुखी राहा, एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही तिला जमलं नाही.

यशने बाबांच्या हातावर पाणी घातलं. आईसमोर आला नाही. पळी ताटात ठेवून तो सामान आवरायला आत गेला. विमान परवाचं होतं. ते दोन दिवस तो अगदी नीट वागला. "थँक यू, मॉम," "नो, मॉम, आय ॲम फाइन." भांडला असता तर बरं झालं असतं. एअरपोर्टवर प्लॉय गळ्यात पडून रडली, आणि तो ट्रॉली धरून लांब उभा होता.

महिना संपला. अझैबाच्या त्या ऑफिसात चंद्रहासचा जुना ओळखीचा एकनाथ होता. त्याने सांगितलं की जागा यशसाठी धरून ठेवली होती, यशनेच नको म्हणून कळवलं. चंद्रहासने ते जेवताना कल्पनाला सांगितलं आणि ताक मागितलं. त्या शनिवारपासून तो तिच्याशी असाच कामापुरता बोलत होता. ती एकदा चिडून म्हणाली, "मनात आहे ते बोला तरी!" तो म्हणाला, "तू बोललीस तेवढं पुरे आहे."

कल्पनाने फोन केले नाहीत असं नाही. यश उचलायचा. हवा, तब्येत, जेवण. 'अरे, मी तसं' असं तिने एकदा सुरू केलं, तर तो म्हणाला, "इट्स ओके, मॉम, मीटिंग आहे." पुढे तिला धीर झाला नाही.

मग एका शुक्रवारी सकाळी प्लॉयचाच व्हिडिओ कॉल आला. यश तिच्या शेजारी कॉफीचा मग घेऊन बसला होता.

"आई, वाईट बातमी," ती म्हणाली. "मस्कतची जागा दुसऱ्याला दिली कंपनीने. मी किती रडले! आता सिंगापूरला जायचंय."

कल्पनाने यशकडे पाहिलं. तो मगात बघत होता.

"हो का," ती म्हणाली. "नशीब एकेकाचं."

"पण एक मागायचंय. मी माझ्या आईला सांगितलं, तुम्ही मला किती मोठा आशीर्वाद दिलात ते. तिला ऐकायचाय. यशला शब्द आठवत नाहीत म्हणतो. तुम्ही परत म्हणाल? मी रेकॉर्ड करते."

खोलीत चंद्रहास पेपर वाचत होता. त्याने पान उलटायचं थांबवलं.

"सुखी राहा," कल्पना म्हणाली. "दोघंही सुखी राहा."

प्लॉयने कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. "हा नव्हे, आई. तो लांब होता. आणि त्यात पाणी होतं. पाणी शब्द मला येतो, म्हणून लक्षात राहिला."

मदतीला कोण येणार? चंद्रहासने पेपर तोंडासमोर धरला होता. शेवटी तिने काहीतरी जुळवलं, "वाहत्या पाण्यासारखा तुमचा संसार राहो," असलं काहीतरी, जे ती उभ्या जन्मात कधी बोलली नसती. प्लॉयने ते मागोमाग म्हटलं, पुन्हा म्हटलं, 'वाहत्या'वर अडखळली, आणि यशला विचारलं, "हेच ना? हेच होतं ना?"

"हेच," यश म्हणाला.

"मग पुढच्या सोंगक्रानला परत येऊ. दरवर्षी येऊ. आई दरवर्षी म्हणतील."

यशने कॉफीचा मग खाली ठेवला आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच आईच्या डोळ्यांत बघितलं.

"दरवर्षी कशाला, प्लॉय?" तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "आईने एकदा म्हटलंय, ते कायमचं आहे."

प्लॉय हसली आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिला ते फार गोड वाटलं.