पंधरा पावलांवरची अब्रू

सप्टेंबरातला शनिवार होता. कॅप्टन हार्टविग लेम्के यांच्या परसात तांब्याच्या मोठ्या पातेल्यात सकाळपासून आलुबुखारे शिजत होते. हा मुरंबा दिवसभर ढवळावा लागतो, नाहीतर बुडाला लागतो. म्हणून कॅप्टनसाहेब वर्दीचा कोट काढून, बाह्या वर सारून लाकडी उलथणं फिरवत होते.

"अहो, हात थांबवू नका. करपेल ना!" बायको ओटिली म्हणाली.

"दीडशे माणसं माझ्या हुकमात चालतात, कळलं का?"

"चालू देत. इथे हुकूम माझा."

लेम्के शाळामास्तराचा मुलगा. बावीस वर्षं पायदळात झिजून कॅप्टन झालेला. पोमेरेनिया प्रांतातल्या त्या छावणीत बाकीचे अधिकारी जमीनदारांचे मुलगे होते. त्यांना जी पायरी आयती मिळाली, ती याने गुडघे फोडून चढलेली.

तेवढ्यात मागच्या फाटकातून लेफ्टनंट रोवेडर आला. वय चोवीस. आईबाप नसलेला हा मुलगा आठवड्यातून चार दिवस याच घरी जेवायचा. आज त्याची मान खाली होती.

"कॅप्टनसाहेब, काल मेसमध्ये माझी जीभ घसरली."

"काय म्हणालास? मला आठवतही नाही."

"तुम्ही सांगत होतात, उन्हातल्या त्या कूचमध्ये तुमचा एकही शिपाई गळाला नाही. मी म्हणालो, 'थापा मारता राव!' वाइन चढली होती मला."

लेम्के पोट धरून हसले. "अरे, दोघे गळाले होते! थापच होती ती. घे, हे उलथणं घे, हीच तुला शिक्षा."

ओटिलीने त्याच्या कमरेला स्वतःचा ॲप्रन बांधला. एवढ्यावर गोष्ट मिटली होती. जगात कुठेही मिटली असती.

पण काल मेसमध्ये दुसऱ्या पलटणीतला एक पाहुणा बसला होता. परक्यासमोर अधिकाऱ्याला खोटारडा म्हटलं, तर ती नुसत्या दोघांतली बाब राहत नाही. पलटणीची अब्रू जाते, असा त्यांचा रिवाज. आणि ऐकूनही जो वर कळवत नाही, तोही दोषी. म्हणून दुपारी पलटणप्रमुखाचे हुकूम पोचवणारा अ‍ॅडज्युटंट केसेल पांढरे हातमोजे घालून दाराशी आला.

"कॅप्टन लेम्के, मंगळवारी अब्रूमंडळ बसेल."

"केसेल, अरे तो बघ, माझ्या परसात मुरंबा ढवळतोय! आमचं मिटलंय."

केसेलने परसाकडे पाहिलंच नाही. "ते मी पाहिलेलं नाही, साहेब. पाहिलं तर तेही कळवावं लागेल."

मंगळवारी मंडळातल्या बरोबरीच्या अधिकाऱ्यांनी निकाल दिला, दोघांनी द्वंद्व लढायचं. पिस्तुलं, पंधरा पावलं, तीन फैरी. देशाच्या कायद्याने द्वंद्व हा गुन्हा. लढलं तर किल्ल्यावर कैद. आणि नाही लढलं तर अब्रूमंडळ अंगावरची वर्दी उतरवणार. एकच सरकार एका हाताने मनाई करायचं आणि दुसऱ्या हाताने ढकलायचं.

ओटिली पलटणप्रमुख कर्नलसाहेबांकडे गेली. त्यांनी तिला खुर्ची दिली, कॉफी दिली.

"बाईसाहेब, मला वाईट वाटतं. रात्रभर झोप नाही मला."

"मग थांबवा ना! तुमचा एक शब्द पुरे."

"तो शब्द उच्चारला तर मीही उद्या या खुर्चीत नसेन."

घरी येऊन तिने नवऱ्यापुढे कागद ठेवला. "राजीनामा लिहा. तुमच्या भावाची लाकडाची वखार आहे, तिथे जाऊ. मी शिवणकाम करीन. पण त्या पोरावर गोळी नका झाडू, आणि त्याची झेलू नका."

लेम्केंनी टाक उचलला. तारीख लिहिली, कर्नलसाहेबांचं नाव लिहिलं. तोच ओटिलीचे वडील, निवृत्त मेजर ग्रामबोव, काठी टेकत जिन्यावरून खाली आले. दहा वर्षं ते लेकीकडे राहत होते.

"काय लिहिताय, जावईबापू? वखारीला अर्ज?"

"बाबा, तुम्ही वर जा," ओटिली म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. मास्तराच्या पोराला मुलगी दिली तेव्हा लोक हसले. मी म्हणालो, वर्दी माणूस घडवते. आता त्यांना काय सांगू? माझी लेक विधवा झाली तर मी मान वर करून चालेन. भेकडाची बायको म्हणून तिला रस्त्यात पाहणार नाही मी."

लेम्केंच्या हातातला टाक तसाच राहिला. बावीस वर्षं हेच एक वाक्य कुणी ऐकवू नये म्हणून ते झिजले होते. त्यांनी कागद फाडला.

त्या संध्याकाळी रोवेडर चोरून आला. दोघांनी ठरवलं, गोळी मुद्दाम बाजूला झाडायची.

गुरुवारी पहाटे बर्चच्या राईत दोघे समोरासमोर उभे राहिले. पहिली फैर झाली. एक गोळी झाडांच्या शेंड्यात गेली, दुसरी गवतात. पंचाने हात वर केला.

"हा पोरखेळ आहे. पुन्हा असं दिसलं तर दोघेही वर्दीला मुकाल."

पिस्तुलं पुन्हा भरून घेताना दोघे शेजारी आले, तेव्हा लेम्के ओठ न हलवता पुटपुटले, "जवळून चुकव. खरं वाटलं पाहिजे."

रोवेडरने त्यांच्या कोपराजवळून गोळी काढायचं ठरवलं. पण दोन रात्री न झोपलेल्या माणसाचा हात तो. गोळी पोटात शिरली.

पिस्तूल टाकून तो धावला आणि गुडघ्यांवर कोसळला. "मी चुकवत होतो! ओटिलीताईंना सांगा, मी चुकवत होतो!"

घरी आणल्यावर लेम्के दुपारपर्यंत जिवंत होते. त्यांनी पाणी मागितलं; डॉक्टरने देऊ दिलं नाही. शेवटी ओटिलीने ओलं फडकं ओठांना लावलं.

"पोराला दोष देऊ नकोस," ते म्हणाले. थोड्या वेळाने ते गेले.

रोवेडरला अटक झाली. शनिवारी कर्नलसाहेब पुष्पचक्र घेऊन आले. रस्त्यात बँड उभा होता, सलामीच्या बंदुका तयार होत्या.

"पलटणीच्या पूर्ण इतमामाने नेऊ आम्ही त्यांना."

"नको," ओटिली म्हणाली. "त्यांच्या अंगावर मी लग्नातला काळा कोट घातलाय. शेजारचे चौघे खांदा देतील."

"बाईसाहेब, लोक म्हणतील की ते मानाने मेले नाहीत."

"तुमच्या मानापायीच मेले, साहेब. ते सगळ्यांना कळू दे. पोराच्या खटल्यातही मी उभी राहणार आहे. जवळून गोळी झाडायला कुणी भाग पाडलं, ते नावं घेऊन सांगणार आहे."

कर्नलसाहेबांनी पुष्पचक्र उंबऱ्यावर ठेवलं. ओटिलीने ते उचलून परत त्यांच्या हातात दिलं.

शवपेटी उचलली गेली. तेव्हा मेजर ग्रामबोव जिन्यावरून उतरले. पूर्ण वर्दी, छातीवर पदकं, कमरेला तलवार. चेहरा मात्र सुकून गेला होता. पेटीमागे जायला त्यांनी पाऊल उचललं. ओटिली आडवी झाली.

"बाबा, यायचं असेल तर या. पण साध्या कोटात."

म्हाताऱ्याने वर्दीच्या कॉलरला हात घातला. त्याने एक बटण काढलं, दुसरं काढलं, आणि थांबला. त्याच्यापाशी साधा कोट नव्हता. उभ्या आयुष्यात त्याने तो कधी शिवलाच नव्हता.

पेटी रस्त्याला लागली.