हरिबाच्या डावीकडे

मेंदूत अडकलेली रक्ताची गाठ काढून नव्वद दिवस झाले, की वैदेही त्या माणसाच्या घरी फोन लावायची. सोलापुरातल्या एका खाजगी रुग्णालयात ती फिजिओथेरपिस्ट होती. पक्षाघात झालेल्यांना पुन्हा उभं करायचं, चालवायचं, हे तिचं खरं काम. फोनचं काम डॉक्टरांनी नंतर तिच्या गळ्यात घातलं. "तुझ्याशी लोक बोलतात," एवढंच ते म्हणाले होते. प्रश्न ठरलेले. चालता येतं का, अंघोळ स्वतः करता का, पूर्वीची कामं जमतात का. सगळं ऐकून शून्य ते सहा यांतला एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. सहा म्हणजे माणूस राहिला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी एकाच दिवशी दोघांचे नव्वद दिवस भरले. नोव्हेंबरात दोघांवर एकाच दिवशी उपचार झाले होते.

पहिले चिंतामणी सर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातून कप सुटला आणि दीड तासात ते टेबलावर होते. डॉक्टरांनी जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत नेली आणि गाठ पहिल्याच खेपेला बाहेर आली. पडद्यावर, जिथे काहीच नव्हतं तिथे, रक्त झाडाच्या फांद्यांसारखं पसरत गेलं. खोलीतली सगळी माणसं एकदम हसली होती, हे वैदेहीला आठवत होतं.

दुसरा हरिबा. मंगळवेढ्याच्या पलीकडचा, मेंढरं राखणारा. तो माळावर सकाळी पडला आणि दुपारी कुणाला तरी दिसला. सोलापूरला पोचेपर्यंत नऊ तास उलटले होते. गाठ तीन खेपांनी निघाली, तीही तुकड्यातुकड्यांनी. त्या संध्याकाळी कुणी हसलं नव्हतं.

चिंतामणी सरांच्या घरी त्यांच्या सुनेने, इंद्रायणीने फोन उचलला.

"बसवलं की बसतात," ती म्हणाली. "दोघांनी धरलं तर चार पावलं टाकतात. बोलणं म्हणाल तर एकच शब्द. 'बरं.' जेवण आलं तरी बरं, त्यांच्या बहीण, आमच्या आत्याबाई वारल्या असं सांगितलं तरी बरं."

फोनच्या पलीकडून, खोलीच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून आवाज आला, "बरं."

वैदेहीने चार लिहिलं. मग उठून डॉक्टरांकडे गेली. "सर, ते दीड तासात आले होते. गाठ एका खेपेत निघाली होती."

"रस्ता मोकळा करणं आपल्या हातात असतं," डॉक्टर म्हणाले. "पलीकडच्या घरात कोण जागं राहिलंय, ते नसतं. काहींचं मागच्या गल्लीतून, बारक्या शिरांतून, थोडं थोडं पाणी चालू असतं, ते तगतात. काहींचं नसतं."

हरिबाच्या घरी फोन त्याच्या बायकोने, केराबाईने घेतला.

"समदं झ्याक हाय," ती म्हणाली. "रोज मेंढरं घिऊन जात्यात की."

"एकटे?"

पलीकडे लांब कुठेतरी कोकरू ओरडलं. "व्हय. एकटंच म्हना."

"म्हणा म्हणजे?"

"ताई, तुमी येऊनच बगा. फोनवर न्हाय सांगता येत."

घरी सोडायच्या दिवसाचा हरिबा वैदेहीला आठवला. हातापायांत ताकद होती, बोलणंही स्वच्छ होतं. पण ताटातली उजव्या बाजूची भाकरी खाऊन तो रागावला होता, की एवढंच वाढलं म्हणून. डावी अर्धी तशीच पडली होती. डोळे शाबूत होते. जगाची डावी बाजू मात्र त्याच्या मनातूनच पुसली गेली होती. तिकडे काही असेल असं त्याला वाटतच नसे, म्हणून तो तिकडे वळतही नसे. वळायला शिकवायचं, तर दर पंधरा दिवसांनी यायला हवं होतं. ती दोघं एकदाही आली नव्हती.

रविवारी सकाळच्या एसटीने ती मंगळवेढ्याला गेली, तिथून माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपने फाट्यावर उतरली. केराबाई तिथे उभी होती. बुटकी, काटक बाई, कपाळावर मोठं कुंकू, दोन्ही हातांत कोपराकडे घट्ट वर चढवलेल्या बांगड्या.

"मेंढरं म्होरं गेल्यात. चला बिगीबिगी, मला तितं पोचाय पायजे," ती म्हणाली आणि निघालीच.

ज्वारी निघालेली होती. काळ्या रानात धाटांची बुडखं आणि कडब्याच्या गंजी, आणि त्यावर पांढरं, स्थिर ऊन. आवाज फार लांबून येत होते आणि आले तरी जवळ येत नव्हते. वैदेहीला एसटीत जरा डुलकी लागली होती, ती अजून पुरती उतरली नाही असं वाटत होतं. चालता चालता केराबाई सांगत होती.

"दवाखान्यातनं आल्यावर तिसऱ्या दिशी मेंढरं सोडली. किती सांगितलं, ऐकनात. मी मागनं गेले. बगते तर उजवीकडची तेवडी राखत्यात. डावीकडची पांगली तर पत्त्याच न्हाय. मग मी डावीकडनं चालाय लागले. मेंढरू पांगलं की हाकायचं, त्यांच्या मागनं उजवीकडं सोडायचं. त्यास्नी वाटतंय, मेंढरू हवेतनं आलं."

"तुम्ही दिसत नाही त्यांना?"

"न्हाय की. घरात मी उजवीकडनं जाते, तवा दिसते. रानात डावीकडं. रानात मी न्हाईच." ती थांबली, पदराने तोंड पुसलं. "आनी मग त्यांनी बोलाय सुरुवात केली. त्यास्नी वाटतंय, बिरुदेव संगं चालतुया."

वैदेहीला आधी हसू आलं. मग केराबाईचा चेहरा पाहून ते तिथेच राहिलं.

"दवाखान्यात टेबलावर हुते ना, जागं हुते. डोस्क्यात ऊन ओतल्यावानी झालं म्हनं, आनी डाव्या अंगानं कुनीतर कंदील घिऊन चालत गेलं. तवापासनं देव संगं हाय. मीबी बोलत न्हाय. देव कदी बोलतुया व्हय? बांगड्या बी वर सारते." तिने हात दाखवला.

टेकाडाच्या उतारावर कळप दिसला. चाळीसेक मेंढरं, उन्हात कडा विरघळलेली. मधोमध खांद्यावर घोंगडं टाकून हरिबा चालला होता, अगदी सरळ, अगदी डौलात. केराबाई काही न बोलता वैदेहीपासून सुटली, लांबून वळसा घालून गेली आणि त्याच्या डावीकडे, हातभर अंतरावर, पावलाला पाऊल लावून चालू लागली.

वैदेही मागून चालत राहिली. हरिबा बोलत होता. शेजारच्या माणसाशी बोलावं तसं, पण डोळे समोर.

"देवा, त्ये काळं कोकरू आलं का बग."

केराबाईने धाटांत अडकलेलं काळं कोकरू उचललं, हरिबाच्या पाठीमागून हात लांबवून त्याच्या उजव्या पायापाशी ठेवलं. हरिबाने वाकून कोकराच्या डोक्यावर हात फिरवला. "आलं बग," तो म्हणाला. मग टेकाड उतरेपर्यंत नुसते खुरांचे आवाज.

"केरीला म्या कदी सांगितलं न्हाय," हरिबा पुन्हा बोलू लागला. "थोरलं लेकरू गेलं तवा दोन म्हैने मी मेंढरांमागं कर्नाटकात राह्यलो. ती म्हनली असंल, दगड हाय. घराकडं पाय वळत नव्हता, देवा. तिच्या तोंडाकडं बगायचं भ्या वाटत हुतं."

केराबाई चालत होती. तिचं पाऊल चुकलं नाही. पण तिने मागे वळून वैदेहीकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरलेले होते.

दुपारी बाभळीखाली मेंढरं बसली. हरिबा बुंध्याला टेकून डोळे मिटून पडला, तेव्हा केराबाई वैदेहीला घेऊन लांब गंजीच्या सावलीत बसली.

"ऐकलंसा?"

"हो."

"पस्तीस वरसं झाली त्याला. पस्तीस वरसं मी मनात धरून हुते." ती हाताने ढेकूळ फोडत राहिली. "असं रोज कायतर सांगत्यात. मला कदी सांगितलं न्हाय त्ये समदं. रोज वाटतंय, आज काय सांगतील."

वैदेही जे सांगायला आली होती, ते सांगणं आता तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

"मावशी, त्यांना डावीकडे वळायला शिकवता येतं," शेवटी ती म्हणाली. "मान वळवायची सवय लावायची. रोज, पुन्हा पुन्हा. पूर्ण नाही, पण बरंच जमेल. फक्त..."

"म्हाईत हाय. मग मी दिसनार."

"हो."

"गेल्या आटवड्यात एक फटफटी डावीकडनं आली. मी वडलं म्हनून. नायतर ग्येलं हुतं." केराबाई हरिबाकडे पाहत होती. "मला एक दिस ताप आला तर? मी आदी मेले तर? देव बी काय जल्माला पुरत न्हाय, ताई. म्हनून तर तुमास्नी बलिवलं. माज्या तोंडातनं न्हाय निगत. तुमीच करा."

हरिबा उठल्यावर वैदेही त्याच्या उजवीकडून गेली. त्याने तिला लगेच ओळखलं.

"दवाखान्यातल्या ताई न्हवं का? बसा, बसा. मी झ्याक हाय. एकटा हिंडतुया."

"बघतेय ना, मामा. थोडी तपासणी करू?"

तिने आपली लाल ओढणी काढली आणि त्याच्या उजव्या डोळ्यासमोर धरली. "काय आहे?"

"लाल फडकं."

"ते कुठं जातंय ते बघत राहायचं. डोळे पुरले नाहीत तर मान वळवायची."

तिने ओढणी हळूहळू डावीकडे नेली. नाकासमोरून पुढे गेली तशी हरिबाची नजर थांबली. "ग्येलं," तो म्हणाला.

"गेलं नाही. आहे. मान वळवा. अजून. हनुवटी खांद्याला लागेपर्यंत."

"तिकडं काय न्हाय, ताई."

"आहे. वळवा."

मान वळायला तयार नव्हती. दोनदा, तीनदा, चारदा. त्याच्या कपाळावर घाम आला. पाचव्या खेपेला वैदेहीने हरिबाच्या डावीकडे, ओढणीच्या मागे येऊन बसलेल्या केराबाईकडे पाहिलं. तिला तिथून सरकून जायला अजून वेळ होता. केराबाई जिथे होती तिथेच राहिली. तिने वर सारलेल्या बांगड्या एका झटक्यात मनगटावर ओढल्या. त्या वाजल्या.

हरिबाची मान वळली. अडकलेलं दार उघडावं तशी, थोडी थोडी. आधी लाल कड, मग पूर्ण ओढणी, मग ओढणीच्या मागे हिरवं लुगडं, मग बायको.

तो तिच्याकडे पाहत राहिला.

"तू कवा आलीस?"

"तीन म्हैने झालं," केराबाई म्हणाली.

एक मेंढरू खोकलं. बाभळीची सावली जरा सरकली होती. हरिबाची मान पुन्हा आपोआप सरळ झाली, आणि केराबाई त्याच्यापुरती पुन्हा नाहीशी झाली. या वेळी त्याने स्वतःहून वळवली. ती होतीच.

"रोज?"

"रोज."

"समदं ऐकलंस?"

"ऐकलं की."

हरिबा खाली बघू लागला. त्याने पायाजवळची माती मुठीत घेतली, सोडली. वैदेहीला वाटलं, तो रागावेल, किंवा रडेल. त्याने दोन्हींतलं काहीच केलं नाही. कुणाकडेही न बघता तो म्हणाला, "मग देव कुटं ग्येला?"



"आनी थोरल्याचं," केराबाई म्हणाली, "त्ये मला तवाच सांगितलं असतंसा तर मीबी आले असते की कर्नाटकात. मलाबी त्या घरात राहवत नव्हतं."

हरिबाने हात पुढे केला. अंदाज चुकला, हात तिच्या अलीकडे हवेत राहिला. केराबाईने तो धरून आपल्या गुडघ्यावर ठेवला.

वैदेही उठून मेंढरांच्या पलीकडे गेली आणि उगाच एका कोकराला खाजवत राहिली. ऊन कलायला लागल्यावर तिने दोघांना सगळं समजावून सांगितलं. डावीकडे लाल चिंधी बांधलेली काठी धरायची, दर दहा पावलांवर मान वळवायची, ताट फिरवून घ्यायचं, रस्ता ओलांडताना दोनदा बघायचं. जाताना तिने मोबाइलवर हरिबाच्या नावापुढे तीन लिहिलं. चालतो, पण सोबत लागते.

फाट्यावर जीपला वेळ होता. कळप तिच्यासमोरूनच डांबरी रस्ता ओलांडून पलीकडच्या रानात चालला होता. तिथे खतासाठी रात्रभर मेंढरं बसवायची होती. हरिबा मध्ये होता, आणि दर काही पावलांनी थांबून, मान वळवून, डावीकडे पाहत होता.

"ए केरे, हिकडनं चाल की," तो म्हणत होता. "उजवीकडनं. दिसाय तरी पायजे."

"आनी तिकडची मेंढरं कोन राखंल?"

"राखंल कुनीबी."

"कुनीबी म्हंजी कोन? नाव तर सांगा!"

त्याने काय उत्तर दिलं ते मेंढरांच्या बेंबेंत ऐकू आलं नाही. मावळतीकडे धुळीचा एक पिवळा पडदा उभा राहिला होता, आणि त्यात आधी मेंढरं विरली, मग ती दोघं. भांडण मात्र बराच वेळ ऐकू येत राहिलं. जीप आली तरी वैदेही ते ऐकत उभी होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, तेव्हा ती चढली.